वर कुणीच दिसलं नव्हतं

"हे मी टाईप करणार न्हाई," म्हणत मंगलनं लॅपटॉप बाजूला सारला.

बिरदेवनं नुकतंच बायकोला वाक्य सांगितलं होतं, 'वर मला कुणीच दिसलं नव्हतं. मी लोकांशी खोटं बोललो.' त्याच्या आठवणींच्या पुस्तकाचं हे शेवटचं पान. सांगलीचा प्रकाशक घाई करत होता.

अंतराळात बारा दिवस राहून आलेला आटपाडीचा गडी! परतला तेव्हा गावानं जेसीबीतून फुलं उधळली, ढोल फुटेस्तोवर वाजवले. मग पाठीच्या दुखण्यानं नोकरी सुटली, नवलाई ओसरली आणि कुत्रं विचारीना. दारात यायची ती फक्त घरातलं माणूस गमावलेली मंडळी.

सुरुवात हरणाबाईची. तिचा लेक मल्हार विहिरीत बुडून गेलेला. भर सत्कारात तिनं बिरदेवचा हात धरला. "लेकरा, तू पार वर जाऊन आलास. माझा मल्हार दिसला का रं?"

लोक हसले. बिरदेवला हसवेना. "दिसला की मावशी. बरा हाय," तो बोलून गेला.

झालं! पार मेढा गावापासून माणसं फोटो घेऊन यायला लागली. कुणाचा नवरा, कुणाची नात. तो सगळ्यांना तेच सांगायचा, आणि माणसं गेली की त्याला स्वतःची लाज वाटायची. आता निदान पुस्तकात तरी त्याला खरं बोलायचं होतं.

"हरणामावशी तवापास्नं दोन घास खातीया," मंगल म्हणाली. "तेवढं बी काढून घेता व्हय?"

"खोटं ते खोटंच गं. आणि तुला का एवढं लागतंय?"

मंगलनं लॅपटॉप मिटला. तो परदेशात प्रशिक्षणाला असताना त्यांची सोनिया तापानं गेली होती. चार वर्षांची पोर. तो मातीलाही पोचला नव्हता. तेव्हापासून तिचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

"आवं, माणसं यायची तवा मी दाराआड हुबी असायची," ती हळूच म्हणाली. "तुमी म्हणायचा, बरा हाय, बरी हाय. मला वाटायचं, आज ना उद्या मला बी सांगतील."

"काय सांगतील?"

तिनं पदर तोंडाला लावला.

"आपली सोनी कशी हाय ते."