दहा दिवसांचं कुत्रं

कोंडवाड्यात आता चारच कुत्री उरली होती. सकाळी अकरा होती. बासष्ट सालच्या त्या चैत्रात गावात पिसाळलेल्या कुत्र्याची आवई उठली आणि लोकांनी मोकाट कुत्री धरून कोंडवाड्यात बांधली. ज्याला पाळायचं असेल त्याने दुपारपर्यंत घेऊन जावं, उरलेल्यांना विषाचा लाडू, अशी दवंडी फिरली होती.

लोक पारखून नेत होते. भगवानरावांच्या मळ्यात डुकरं शिरायची, म्हणून त्यांनी रुंद छातीचं काळं कुत्रं नेलं. कोणी पायाची नखं मोजली. वीस नखांचं कुत्रं राखणीला चांगलं. कोणी दगड उगारून पाहिला, पळतं की अंगावर येतं.

सत्यभामाबाईने काहीच पारखलं नाही. ती सरळ कोपऱ्यातल्या तांबड्या कुत्रीपुढे जाऊन उभी राहिली. कुत्रीचा एक कान फाटलेला होता. ती दात विचकत होती.

“हे मले द्या, उकंडभाऊ.”

कोतवाल उकंडराव तिच्याकडे पाहतच राहिला. याच कुत्रीने काल वावरात तिच्या सहा वर्षांच्या चांगुणाची पोटरी फोडली होती. पोरीचा बाप इंद्रभान तिला खांद्यावर टाकून एस.टी.ने बुलढाण्याला घेऊन गेला होता. आता रोज पोटात एक सुई, अशा चौदा. बाई सूड उगवायला आली, असं उकंडरावाला वाटलं. त्याने भिंतीला टेकवलेली काठी तिच्यापुढे केली. इथंच काय ते उरकून घ्या, म्हणाला, मी काही पाहिलं नाही.

तिने काठी घेतली नाही.

“मारायले नाई नेत. दहा दिस जगवायची हाये.”

मग तिने सांगितलं. इंद्रभानने सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप पाठवला होता. डॉक्टर म्हणाले, चावलेलं कुत्रं बांधून ठेवा. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर ते पिसाळलेलं नव्हतं, पोरीला धोका नाही. आणि मेलं तर, ते कंडक्टरने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नव्हतं.

उकंडरावाने दोर सोडून तिच्या हाती दिला.

तिने कुत्री गोठ्यात मेढीला बांधली. पुढ्यात भाकर कुस्करून ठेवली, पाण्याचं पातेलं ठेवलं. कुत्रीने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सत्यभामाबाईने पाणी बदललं, पातेलं बदललं, ताक देऊन पाहिलं. काठीने पातेलं पुढे सरकवलं की कुत्री गुरगुरत मागे सरायची. सत्यभामाबाई घरात जाई, उभ्या उभ्या परत येई. कुत्री खोकली की तिचा जीव उडे. काही कारण नसताना दोनदा गाडी थांबते तिथवर जाऊन आली. चूल पेटली नव्हती. तिच्या स्वतःच्याही घशाखाली घोट उतरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारची म्हातारी जनकाबाई कुंपणापाशी आली.

“हातात काठी घिऊन तिच्या तोंडाकडं टक लावून बसली तू,” ती म्हणाली. “कोन पानी पेईन, बाई?”

सत्यभामाबाईने हाताकडे पाहिलं. कुत्री अंगावर येईल या भीतीने तिने तीन दिवस काठी खाली ठेवलीच नव्हती. तिने ती कुंपणावरून जनकाबाईकडे दिली. पातेलं हाताने उचलून कुत्रीच्या अगदी जवळ ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसली. दोर तिथपर्यंत पुरत होता. कुत्रीला चावायचं असतं तर ती चावली असती.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग मागे लपलप आवाज सुरू झाला. सत्यभामाबाईने वळून पाहिलं नाही. पातेलं रिकामं होईपर्यंत ती पदर तोंडात धरून तशीच रडत बसली.

त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली. पण जिवाची तगमग थांबली नाही. रोज जाग आल्यावर गोठ्याकडे पाहायचं धाडस होत नसे. दोर घासल्याचा आवाज आला की मग ती डोळे उघडायची. दिवा लावताना हात जोडून एकच मागणं मागायची. सातव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, मागणं मागताना आपण पोरीचं नाव घेतच नाही. हिला जगव, एवढंच म्हणतो.

दहा दिवस भरले. कुत्री उड्या मारून भाकर मागत होती. जाणाऱ्या गाडीबरोबर सत्यभामाबाईने तसा निरोप धाडला.

अकराव्या दिवशी दुपारच्या गाडीने इंद्रभान पोरीला घेऊन आला. डॉक्टरांनी सुया थांबवल्या होत्या. चांगुणा जराशी लंगडत होती, पण हसत होती. सत्यभामाबाईने तिला पोटाशी धरलं, सारं अंग चाचपून पाहिलं. तेवढ्यात गोठ्यात कुत्री भुंकली आणि पोर आईच्या लुगड्यात दडली.

इंद्रभान तडक गोठ्यात गेला आणि मेढीचा दोर सोडू लागला. कोतवालाकडे विष अजून शिल्लक आहे, तो म्हणाला. पोरीला फाडणारं जनावर दारात कशाला, आता त्याचं काम झालं.

सत्यभामाबाईने मागून येऊन दोर धरला.

“दहा दिस देवापाशी हिचाच जीव मांगतला म्या,” ती म्हणाली. “आज त्याले कोन्या तोंडानं सांगू, आता हिले मरू दे म्हनून?”