बाईंची मुलगी

गहिनीनाथनं चहाचा कप नीलांबरीबाईंच्या हातात दिला. "बिनसाखरेचा हाय, बाई. आलं जास्त टाकलंय."

रुचाला ते टोचलं. आई साखर घेत नाही एवढं तिला ठाऊक होतं; आलं जास्त लागतं, हे नव्हतं.

स्टँडवर भटकणाऱ्या, नशेला लागलेल्या पोरांसाठी नीलांबरीबाईंनी नगरात सुरू केलेल्या संस्थेला आता पंचवीस वर्षं होत होती. समारंभात दाखवायला संस्थेच्या इतिहासाची फिल्म हवी होती, म्हणून रुचा आईला घेऊन नगरमधल्या सावेडीहून देवळाली प्रवराला आली होती. गहिनीनाथ त्या पहिल्या पोरांपैकी. आता त्याचं उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. वय रुचाएवढंच.

तिनं मोबाईल समोर धरला. "बोला, दादा."

"पंक्चरचं सोल्युशन हुंगून स्टँडमागं पडलेलो असायचो मी. बाईंनी उचलून नेलं. अंग थरथरायला लागलं की हात धरून बसायच्या. शाळेत घातलं. गनितात नापास झालो, तर सोता घेऊन बसल्या. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले. अर्धी, पाव... उत्तर बरोबर आलं की तो तुकडा माझा."

नीलांबरीबाई हसल्या. "चुकलं तरी खायचास."

आईचं असं मोकळं हसू रुचाच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.

"माझं गणित क्लासच्या सरांनी घेतलं," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला.

"तुला क्लास लावता येत होता," आई म्हणाली.

ते खरंच होतं, आणि म्हणूनच रुचाला जास्त लागलं. शाळेतून येऊन कुलूप उघडायचं, झाकून ठेवलेलं ताट एकटीनं खायचं. आई घरी यायची तेव्हा तिच्या पदराला दुसऱ्याच पोरांचा वास असायचा.

गहिनीनाथ हातातल्या पान्याशी चाळा करत होता. "ताई, एक सांगू? राग नका मानू. आमी समदी पोरं तुमच्यावर लई जळायचो."

"माझ्यावर?"

"दिवस कलला की बाई पिशवी उचलायच्या. कुनी पदर धरला तरी सोडवून घ्यायच्या. 'रुचा वाट बघत असेल' म्हनायच्या. येकदा मी पोट दुखतंय म्हनून खोटंच लोळलो, तरी न्हाई थांबल्या. तवा मनात यायचं, ही रुचा नसती तर बरं झालं असतं."

नीलांबरीबाई रिकाम्या कपात बघत राहिल्या.

रुचानं मोबाईलच्या पडद्याकडे पाहिलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. शब्द न् शब्द आला होता.

"दादा," ती म्हणाली, "आवाज नीट आला नाही. पुन्हा सांगता?"