धुराड्याखालची पंगत

"कारखाना पाडणाऱ्यांनाच जेवू घालतेस? लाज कशी वाटत नाही गं तुला?" शेजारची वारसिती कुंपणावरूनच कडाडली.

तुकिना आजीने मान वर केली नाही. ती कोंबड्या सोलत राहिली. छत्तीस वर्षं गावच्या साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या वाहिल्या बाईने, आणि आता हे! केदुंगसारी गावातलं शेंबडं पोरही तिला नावं ठेवत होतं.

कारखाना पाडू नये म्हणून गावाने घातलेला खटला सोमवारी उभा राहणार होता. त्याआधीच, शुक्रवारी, सगळं जमीनदोस्त करायचा कंपनीचा डाव होता. पण पाडायला आणलेली माणसंच अडून बसली. त्यांचा मुकादम मातसाली म्हणाला, "इथल्या यंत्रांत माणसं गेलीत, साहेब. आधी स्लामेतान घाला. त्यांच्या नावाने सगळे जेवू, मगच घणाला हात लावू."

कंपनीच्या हेंदार्तो साहेबाने कपाळ बडवून घेतलं. रांधायला गावात एक बाई मिळेना. तयार झाली ती एकटी तुकिना.

शुक्रवारी सकाळी धुराड्याखाली चटया पडल्या. मेलेल्यांच्या जेवणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून गावही तोंडं वाकडी करून येऊन बसलं. मधोमध पिवळ्या भाताचा उंच सुळका. दुआ झाली. आता सगळ्यांत वयस्क माणसाने त्याचा शेंडा कापायचा. तोवर कुणी घास घ्यायचा नाही, कुणी उठायचं नाही.

सगळ्यांत वयस्क होती तुकिनाच. तिने सुरी उचलली आणि कमरेला खोचली.

"कापा ना आजी," साहेब हसून म्हणाला.

"कापीन की."

तास गेला. दुसराही गेला.

"अहो, पण कधी?"

"मनात येईल तेव्हा."

साहेब ताडकन उठला. "मातसाली, उचल घण!"

मातसालीने मांडी मोडली नाही. "अर्ध्या पंगतीतून उठून पोरांच्या अंगावर भिंत पाडून घेऊ? छे! आजी कापेल तेव्हा."

आत्ता कुठे वारसितीच्या डोक्यात उजेड पडला. ती फस्सकन हसली आणि सरकत सरकत आजीला खेटून बसली. डोळे मात्र भरले होते तिचे.

"म्हातारे, उपाशी मराल सगळे!" साहेब किंचाळला.

"आम्ही?" तुकिना म्हणाली. "महिनाभर रोजे धरणारी माणसं आम्ही, साहेब. सोमवार काय, हा आलाच!"