परत येईन

"वाऱ्याकडे तोंड ठेव. घाबरलीस तरी वळायचं नाही."

बावन्न वर्षांपूर्वी विमानांच्या मैदानावर आपल्या प्रियकराने सांगितलेलं हे वाक्य आत्याने भाचीला एकदाच सांगितलं होतं. त्यातूनच भाचीला या सुगंधाची कल्पना सुचली. पहिल्या विमानांचा सुगंध, आणि त्या काळातल्या प्रेमाचा.

आज चार वाजता त्या सुगंधाचा निकाल होता.

भाची सुगंधाच्या कारखान्यात नाकाची नोकरी करायची, असं घरचे चेष्टेने म्हणत. अकरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या नमुन्यांत थेंब टाकले होते. हा पहिला तिचा स्वतःचा. साहेबांनी बजावलं होतं, चारपर्यंत आत्याबाईंनी वास ओळखला नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. खरा वास ठाऊक असलेलं माणूस तेवढं एकच उरलं होतं.

पोस्टर मात्र आधीच तयार होतं. ढगांत विमान, खाली वर बघत उभी असलेली मुलगी, आणि आत्याच्या ट्रंकेतल्या पांढऱ्या रेशमी स्कार्फवरचे शाईचे शब्द: 'वाट बघ. परत येईन.'

गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. विमान पडलं, आत्याने लग्न केलं नाही. आजोबांनी फर्मावलं होतं, या घरात पुन्हा विमानाचं नाव नको. ते कुणी काढलंही नाही.

आत्याने सहा नमुने परत केले होते. कातडं, लाकूड, गार हवा, सगळं होतं. सहाव्याला ती हळूच म्हणाली होती, "छान आहे गं. पण हा कुंपणाबाहेरून बघणाऱ्यांचा वास आहे."

त्या शब्दाने भाचीची झोप उडाली. जुनी पुस्तकं धुंडाळल्यावर कळलं की त्या इंजिनांत एरंडेल घालत. सातव्या नमुन्यात तिने तेच घातलं, जळकं, अगदी थोडं.

साहेबांनी कागदाची पट्टी हुंगली आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"एरंडेलच आहे," भाची म्हणाली.

"लोक रांग लावतील," साहेब म्हणाले, "पण दुकानासमोर नाही."

ती हसली नाही. चार वाजायला दहा मिनिटं होती.

आत्या आली. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. तरुणपणी जिन्यावरून पडली होती म्हणे. भाचीने तिची पिशवी घेतली, खुर्ची पुढे केली, पट्टी दिली.

आत्याने डोळे मिटले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. भाचीच्या हातातलं बाटलीचं बूच घामाने निसटू लागलं.

मग आत्याने तळहात चेहऱ्यावरून फिरवला, आणि त्याला काही लागलंय का, हे निरखून पाहिलं.

"हाच," ती म्हणाली.

भाचीने बाटलीला बूच लावलं. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच वही काढली. जाहिरातीत आत्याबाईंचं एक वाक्य हवं होतं त्यांना. विमान उडालं तेव्हा त्या मैदानात नेमक्या कुठं उभ्या होत्या, एवढंच सांगा, म्हणाले.

आत्याने पोस्टरसाठी आणून टेबलावर ठेवलेला स्कार्फ मागून घेतला, बाटली त्यात नीट गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"आत्या, निघालीस कुठं?"

"हा त्याला द्यायचा राहिलाय. निघताना वरून टाकायचा होता, पण विमान चालवायच्या दांड्यावरून हातच सुटला नाही. विमानांचा मेकॅनिक होता तो. अजून त्याच मैदानापाशी सायकली दुरुस्त करतो म्हणे."

दारात थांबून आत्याने पोस्टरकडे एकवार पाहिलं.

"तेवढं चित्र बदलून घ्या," ती म्हणाली. "खाली तो उभा होता."

बाहेर येऊन तिने वाऱ्याचा अंदाज घेतला आणि त्याच्याकडे तोंड करून चालू लागली.