रुमालावरचं कडं

डॉक्टर मारायचा ते केसांत, म्हणजे वळ दिसत नाहीत. आज चहा गार मिळाला म्हणून त्याने बायकोचं डोकं दोनदा भिंतीवर आपटलं आणि पेपर उघडला. तिच्या नाकातून रक्ताळलेलं पाणी गळू लागलं, तिने रुमालाने पुसलं. "सर्दी झालीय, गोळी घे," तो न बघताच म्हणाला. त्याच्याच कॉलेजात शिकणारी मुलगी आवाज ऐकून धावत आली. तिने आईचा रुमाल टेबलावर पसरला: मधे रक्ताचा ठिपका, भोवती पाण्याचं कडं. परवाच तिच्या वर्गात त्याने हेच कडं फळ्यावर काढलं होतं. तिने त्याचेच शब्द त्याला ऐकवले, "मेंदू पाण्यात तरंगतो. कवटीचा तळ तडकला की ते पाणी नाकातून गळतं. सर्दी समजलात, की माणूस हातचा गेला." त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय." त्याने हात उगारला. मुलगी जागची हलली नाही. "यावेळी तोंडावर मारा, सर."