शिवेवरची पहिली माती

गीतांजलीला घुमटाच्या दारात, वांग्यांच्या वाफ्याशेजारी चटईवर ठेवलं होतं. शेजारच्या माणिकबाईने तिचा मळवट भरला होता. खड्डा खणून तयार होता. इथे सरण रचता येत नव्हतं, श्वासापुरती हवाही यंत्रातून यायची. म्हणून माती द्यायची होती.

तिच्या पायाशी दोन अधिकारी उभे होते. एक केंद्राचा, एक महासंघाचा. दोघांच्या हातांत आपापला घडी घातलेला झेंडा होता.

नकाशात या ताऱ्याला नुसता आकडा होता. वऱ्हाडातून आलेले लोक त्याला शिवेचा तारा म्हणत. केंद्राची हद्द इथे संपत होती, महासंघाची इथूनच सुरू होत होती, आणि तारा आपलाच असं दोघंही म्हणत होते. त्याच्या या ग्रहावर तेल्हाऱ्याकडची घरं होती, शेजारच्या ग्रहावर चांदूर बाजारकडची. मधल्या अंधारात दोन्ही आरमारं तोंडासमोर तोंड करून उभी होती. या ग्रहावर आजवर कोणी मेलं नव्हतं.

"पुंजारामजी, तुमच्या पत्नी केंद्राच्या नागरिक होत्या," केंद्राचा अधिकारी म्हणाला. "त्यांना केंद्राच्या झेंड्यात निरोप मिळेल."

"या ग्रहावरचा प्रत्येक माणूस महासंघाचा आहे," दुसरा म्हणाला.

पुंजारामने दोघांकडे पाहिलं. "अन् एवढी घाई काहून?"

"लवादाचा नियम आहे," महासंघाचा अधिकारी म्हणाला. "ज्याचा माणूस पहिल्यांदा मातीत जाईल, त्याची माती."

"असं हाय तं." पुंजाराम फावड्यावर टेकला. "मंग परवा कोनाची होती ती?"

तो केंद्राच्या अधिकाऱ्याकडे वळला.

"परवा तिचं अपेंडिक्स फुटलं. तुमाले बोलावलं. तुमी म्हनलं, इलाका वादातला हाय, महासंघाले इचारा. याहिले इचारलं, तं हे म्हनत, केंद्राले इचारा. दवाखान्याचं जहाज दोघायजवळ हाय. रातभर वरडली ती. तवा कोनाचीच नोती. मेली, अन् दोघायची झाली."

"प्रक्रिया असते, पुंजारामजी."

"जित्त्या मानसाले परक्रिया. मेल्याले झेंडा."

केंद्राच्या अधिकाऱ्याने झेंड्याची घडी उलगडायला घेतली. माणिकबाई मध्ये आली.

"थांबा, साहेब. सवाष्ण हाय. तिच्या आंगावर पयलं लुगडं माहेरचं पडते. त्याच्याबिगर काई पडत नाई."

"कुठे आहे माहेर?"

माणिकबाईने वर, शेजारच्या ग्रहाकडे बोट केलं. त्याच वेळी वाफ्यावर ठेवलेला रेडिओ खरखरला. गीतांजलीचा भाऊ देवानंद बोलत होता.

"भाऊजी, मी जहाज घेऊन मधल्या नाक्यापाशी उभा हाय. सकाळपासून. ताईचं लुगडं घेऊन आलो. दोन्हीकडचे म्हनून राहिले, मागं फिर नाईतर मारतो. तुमचा घुमट दिसून राहिला मले इथून."

पुंजाराम अधिकाऱ्यांकडे वळला. "त्याले येऊ द्या."

"आमची हरकत नाही," केंद्राचा अधिकारी म्हणाला. "पण महासंघाच्या तोफा आहेत."

"आमचीही नाही. केंद्राने आधी तोफा मागे घ्याव्यात."

"कोनाचीच हरकत नाई, अन् भाऊ शिवेवर उभा हाय," माणिकबाई म्हणाली. "वा रे पावनचार."

केंद्राचा अधिकारी पुंजारामच्या जवळ सरकला. आवाज खाली आणला. "आधी आमचा झेंडा घालू द्या. तासाभरात भावाला सोडवतो."

"आम्ही अर्ध्या तासात," दुसरा लगेच म्हणाला.

"लिलाव लावला का?" पुंजाराम म्हणाला. "वांगे हायेत का ते? बोला, आनखी कोन कमी करते?"

त्याने फावडं मातीत रोवलं आणि रेडिओ उचलला.

"देवानंद, जहाजाचं दार उघडता येते तुले?"

"येते, भाऊजी."

"लुगडं सोड. आमच्याकडं तोंड करून. घडी मोडून सोड."



"भाऊजी, ते वाटंतच..."

"सोड म्हनलं ना. मानसाले बंदी हाय. लुगड्याले कोनी बंदी सांगतली?"

रेडिओ बंद झाला. माणिकबाईने गीतांजलीचा पदर सारखा केला. अधिकारी एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

मग दोघांच्या मनगटांवरची यंत्रं एकदमच वाजली.

"साहेब, अनोळखी वस्तू रेषा ओलांडते आहे," केंद्राच्या यंत्रातून आवाज आला. "वजन किरकोळ. मारायची का?"

महासंघाच्या यंत्रातूनही तोच प्रश्न आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हो म्हणायला कोणी तयार नव्हतं, नाही म्हणायलाही नाही.

"भेऊ नका, साहेब," माणिकबाई म्हणाली. "सुती हाय."

पुंजाराम गीतांजलीच्या उशाशी जाऊन बसला.

"मारा," तो म्हणाला. "तिले तं मारलंच. आता तिच्या लुगड्यालेबी मारा. मंग या पुरायले."

"साहेब, आदेश?" यंत्रांनी पुन्हा विचारलं.

दोन्ही यंत्रांच्या पडद्यांवर एकच चित्र होतं. काळ्या अंधारात हिरवं लुगडं हळूहळू उलगडत पुढे येत होतं, आणि दोन्ही आरमारांच्या तोफा त्याच्या मागोमाग फिरत होत्या.