कोर्वुचं बेट कुठल्या खंडात

"आपलं बेट युरोपातच आहे," आमान्सिउ म्हणाला आणि चौकातली सगळी म्हातारी मंडळी त्याच्या तोंडाकडे बघायला लागली.

कारण या निवृत्त मास्तरानं आजवर बरोबर उलटं सांगितलं होतं. युरोप आणि अमेरिकेच्या मधल्या समुद्रातल्या कोर्वु बेटावर झेंडा, पासपोर्ट, नाणी, सगळं युरोपचं. पण बेटाखालचा समुद्रतळाचा खडक अमेरिका खंडाचा आहे, असं एका पाहुण्या शास्त्रज्ञानं त्याला सांगितलं आणि तेव्हापासून तो खडक जणू त्याच्याच मालकीचा झाला. झेफेरिनु गवळी, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, युरोपवाल्यांचा पुढारी. रोज संध्याकाळी याच दगडी बाकावर दोघांची जुंपायची. आमान्सिउची बायको गेली, झेफेरिनुनं लग्नच केलं नाही. भांडायला दोघांनाही दुसरं कोणी नव्हतं.

आता लेक लुर्देस अमेरिकेहून बापाला कायमचं न्यायला आली होती.

"या वयात परक्या खंडात कुठे जाऊ?" बापानं विचारलं.

"परक्या? आपण अमेरिकेतच राहतो असं तुम्हीच सांगत आलात ना, बाबा?"

गावाचे प्रश्न चौकात सोडवायचे, ही इथली जुनी रीत. लुर्देसनं हाही प्रश्न तिथेच नेला. बेट अमेरिकेत ठरलं तर बाबा येतील, युरोपात ठरलं तर ती पुन्हा विषय काढणार नाही. आमान्सिउ लगेच कबूल झाला. या बाकावर तो आयुष्यभर हरत आला होता. हरायची घाई मात्र त्याला पहिल्यांदाच झाली होती.

"इतकी वर्षं मी उगाच बडबडलो," तो म्हणाला. "तो शास्त्रज्ञ बोटीतून उतरला तोच उलट्या करत. शुद्धीवर नसलेल्या माणसाचं मी मनावर घेतलं."

सगळे हसले. खरं तर फोनवरच मोठ्या झालेल्या नातवंडांसाठी त्याचा जीव तुटायचा. पण झेफेरिनुला या बाकावर एकटं सोडून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. हे लेकीला सांगायची त्याला लाज वाटत होती, त्यापेक्षा मूर्ख ठरणं सोपं होतं.

"सांग रे झेफेरिनु. जिंकलास तू."

झेफेरिनु म्हणेल तेच बाकीचे म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"बेट अमेरिकेत आहे," तो म्हणाला.

"डोकं फिरलं का तुझं? जन्मभर युरोप, युरोप करत होतास."

"खडक अमेरिकेचाच आहे. मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. पण मी हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बोलायचं काय?"

आमान्सिउ बाकावर त्याच्या आणखी जवळ सरकला.

"जा तू. तुझी गाय मी बघतो," झेफेरिनु म्हणाला. मग टोपीकडे बघतच हळू आवाजात पुढे म्हणाला, "आणि तिकडे गेलास तरी आपण एकाच खंडात राहू."